फरशीखालचा ठेका

३ नोव्हेंबर १९९४

पोचलो एकदाचा! लिमरिकहून दोन तास बस, पुढे फियाक्राच्या खटाऱ्यात तासभर. हाडं खिळखिळी झाली, पण मी मजेत आहे. बारा वर्षं लोकांच्या लग्नांत ड्रम बडवले. व्याही एकमेकांच्या अंगावर धावले तरी ठेका सोडला नाही. आज मी, लॉर्कन, खऱ्याखुऱ्या रॉक बॅन्डचा ड्रमर आहे!

बॅन्डचा पहिला अल्बम साफ आपटला. हा दुसरा चालला नाही तर कंपनी नारळ देणार, हे फियाक्राने गाडीतच सांगून टाकलं. तो गातो, त्याची बहीण सोरखा बास गिटार वाजवते. आधीचा ड्रमर मालाकी भांडून गेल्या वर्षी बॉस्टनला गेला म्हणे. जाईना का! माझं काय जातंय?

आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअरच्या किनाऱ्यावरचं हे त्यांचं जुनं शेतघर. स्वयंपाकघराला दगडी फरशी आहे, तिथेच रेकॉर्डिंग. जेवायला बेकन, कोबी आणि डोंगरभर बटाटे होते. जेवणानंतर सोरखाने दोरीने माझ्या डोक्याचं माप घेतलं, मापावर गाठ मारली. मला लोकरीची टोपी विणणार आहे. अगदी घरच्यासारखी माणसं आहेत.

५ नोव्हेंबर

शेजारच्या नोराबाई अंडी घेऊन आल्या आणि गप्पांना बसल्या. पूर्वी ज्या घरात नाच व्हायचे तिथे फरशीखाली घोड्याची कवटी पुरत, म्हणजे पावलांचा आवाज घुमायचा. या घरातही आहे म्हणाल्या, त्यांच्या आजोबांच्या घोडीची. सोरखाने त्यांना जवळजवळ हाकललंच. निघा आता, कोंबड्या वाट बघत असतील, असं तोंडावर म्हणाली. फियाक्रा खो खो हसला. मेलेल्या घोडीने गाणी चालली असती तर पहिलाच अल्बम गाजला नसता का, असं त्याचं म्हणणं.

मीही हसलो. पण दोन लाद्यांचे सांधे नवे दिसतात. एक लादी चुलीजवळची, दुसरी नेमकी माझ्या स्टुलाखालची. विचारलं तर म्हणाले, ओल धरली होती.

९ नोव्हेंबर

सहा गाणी झाली. कंपनीच्या बाईंना फोनवर ऐकवली, तर त्या किंचाळल्याच. हा अल्बम धो धो चालणार म्हणाल्या.

एकच गोष्ट खटकते. टेपवर माझ्या ठेक्याच्या किंचित आधी आणखी एक ठेका पडतो. मालाकी असाच घाई करायचा, पहिल्या अल्बमवर ऐकलंय मी. फियाक्राला विचारलं. घोडी असेल रे, म्हणाला. सोरखा हसली नाही. ती माझ्या मानेकडे बघत होती.

११ नोव्हेंबर

चमचा शोधताना खणात मालाकीचा पासपोर्ट मिळाला. मग बॉस्टनला काय पोहत गेला? सोरखा म्हणाली, तो मुलखाचा विसराळू, दुसरा काढला असेल. मान वर न करता म्हणाली.

टोपी कुठवर आली विचारलं. तिने विषय बदलला. घरात लोकर नाही. सुया नाहीत. मी सगळीकडे पाहिलं.

नोराबाई परत आल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर

पळायला हवं. बॅग भरली. पायी निघालो तरी दुपारपर्यंत गाव गाठेन.

पण नऊ गाणी आज सलग ऐकली. देवाशपथ, असं मी उभ्या जन्मात वाजवलं नव्हतं. एकच गाणं उरलंय. कव्हरवर माझं नाव येईल. हावरट आहे मी, कबूल. उद्या सकाळी वाजवतो आणि सुटतो.

फियाक्रा म्हणाला, शेवटच्या गाण्याला खालून अजून भरीव आवाज हवा. खालून म्हणजे—

१३, सकाळ

दोघं सरपण आणायला गेलेत. चुलीजवळची लादी उचकटली.

घोडीची कवटी आहे. तिला टेकून आणखी एक. माणसाची. पुढचा दात अर्धा तुटका. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर मालाकी हसतोय, तो हाच दात—

स्टुलाखालची लादी. तीही उचकटली.

रिकामा खड्डा. गोल. माती ओली. तळाशी दोरी, सोरखाची, गाठ तशीच. काठाने फिरवून पाहिली. बरोब्बर.

गाडी आली. एकच दार, तेही अंगणात उघडतं—

फियाक्रा बाहेरूनच ओरडतोय, बस रे लॉर्कन स्टुलावर, एका दमात उरकू— सोरखाच्या हातात फावडं— उघडी लादी दिसली तिला, रागावली नाही— उलट प्रेमाने विचारतेय, कव्हरवर तुझं नाव मोठं छापू ना, मालाकीच्या शेजा—