पत्राशिवाय आलेल्यांचं पान

लिंडाल, इलिनॉय
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाबा,

सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. इकडे मका पिवळा पडायला लागलाय आणि आमच्या लॅबमध्ये बियाण्यांच्या पिशव्यांचा ढीग लागलाय. रोज चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजायचं, हेच काम. अकोल्याला शिकत असताना तुम्ही म्हणायचात, ‘शेती सुटली म्हणून शिकलो आणि पोरगी शिकून पुन्हा बियाणंच मोजते.’ अजूनही मोजतेच आहे. तुमची शुगर किती आहे? खरा आकडा सांगा, डॉक्टरांना सांगता तो नको.

दसऱ्याची तयारी सुरू झाली असेल. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांच्या जेवणाचा स्टॉल यंदाही आपल्या विहाराचाच आहे ना? ईश्वरकाकांच्या विहाराशेजारी जागा मिळाली असेल तर एवढं करा, या वर्षी तरी त्यांच्याशी बोला. एका लाउडस्पीकरच्या भांडणावरून वस्तीत दोन विहार झाले, त्यालाही आता अकरा वर्षं झाली. दोन्हीकडे बुद्ध तोच आणि वरणही तेच.

फोन असताना हिनं पत्र काय लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. बाबा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता. मी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत मागून सात-आठ बायांचा जयभीम येतो. गेल्या रविवारी मी म्हटलं, जरा एकट्यानं बोलायचंय, तर तुम्ही म्हणालात, ‘बोल न बाई, सारी आपलीच माणसं बसून राहिली.’ मग मी हवामानाचं बोलले. म्हणून हे पत्र, आणि कुरियरनं, म्हणजे दसऱ्याच्या आधी तुमच्या हातात पडेल. घरी बसून एकट्यानं वाचा.

तुमचं इकडे यायचं नऊ ऑक्टोबरचं तिकीट काढून अतुलदादानं मला पाठवलंय. इथल्या विहारासाठी तुम्ही आणणार त्या मूर्तीचा फोटोही पाहिला. सव्वादोन फुटांची पितळी मूर्ती, वजन एकोणीस किलो, म्हणजे बॅगेत कपड्यांना उरले चार किलो. तरी तुम्ही म्हणालात, ‘कपडे तिथं मिळतील, बुद्ध आपल्याकडचाच पाहिजे.’ महिला मंडळानं मूर्तीखाली अंथरायला निळं कापड शिवलं, तुमचा सत्कार ठरला. हे सगळं ऐकत होते आणि गप्प होते. मूर्ती आणू नका, बाबा. ती ठेवायला इथे जागा नाही.

लिंडालमध्ये विहार नाही. कधीच नव्हता.

दोन वेळा हे वाक्य खोडलं, म्हणून कागद असा झालाय. आपल्या विहारात दाराशेजारी तुम्ही जो फोटो लावलाय, ‘लिंडाल बुद्ध विहार, अमेरिका’, तो एका चर्चच्या तळघराचा आहे. बाबासाहेबांचा फोटो माझा, मेणबत्त्या माझ्या. भोवती उभी असलेली गोरी म्हातारी माणसं उपासक नाहीत, ती त्या चर्चची आहेत. उजवीकडे भिंतीवर क्रॉस होता. तो मी कापला आणि मग तुम्हाला फोटो पाठवला. चुकून नाही कापला. बोटानं कडा धरून, नीट बघून कापला.

आई गेली तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचले. परत निघताना विमानतळावर तुम्ही विचारलंत, ‘तिथं आपला संघ आहे का? नसंल तर राहू नको, पोरी. माणूस एकटा पडला की पहिले खाणं सुटते, मग बोलणं सुटते.’ मी म्हटलं, आहे. एवढंच म्हटलं. तुमचा चेहरा इतका मोकळा झाला की पुढे मला ते परत घेता येईना. आणि ‘नाही’ म्हणून परत येऊन तरी काय करणार होते? तुम्ही माझ्या पीएचडीचे पेढे साऱ्या वस्तीत वाटले होते.

तुमचं खरंच होतं. त्या वर्षी माझं खाणं सुटलं होतं. ओट्याशी उभी राहून पातेल्यातच खायचे, तेही आठवलं तर. शुक्रवारी लॅब सुटली की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. शिकागोला आपली माणसं आहेत, नाही असं नाही. दोनदा गेले, गाडीनं तीन तास. एकदा जयंती होती. चांगली माणसं, आग्रहानं वाढणारी. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून पोहे, तूरडाळ घेऊन दिली. पण सगळे जोडीजोडीनं, पोरंबाळं घेऊन, आणि प्रत्येक जण प्रेमानं विचारायचा, ‘एकट्याच राहता का?’ येताना तीन तास रस्त्यात एकटी रडत आले. त्यापेक्षा न गेलेलं बरं वाटायला लागलं. मग सांगायला लागले की हिवाळ्यात ड्राइव्ह होत नाही, आणि उन्हाळ्यातही तेच सांगितलं.

चर्चमध्ये गेले ती भक्तीनं नाही, वादळानं. मे महिन्यात इथे चक्रीवादळाचा भोंगा होतो, तेव्हा तळघरात जाऊन बसायचं असतं. माझ्या अपार्टमेंटला तळघर नाही. गावानं नेमून दिलेला आसरा म्हणजे समोरच्या चर्चचं तळघर. मी धावत गेले तर खाली दहा-बारा म्हातारी माणसं पत्ते खेळत होती. आर्लीन नावाच्या बाईंनी न विचारता माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, ‘पुढच्या डावाला आम्हाला एक भिडू कमी आहे.’ वादळ अर्ध्या तासात गेलं. मी तीन तास बसले.

मग रविवारी जायला लागले. तुमच्या डोक्यात आता काय आलं असेल ते मला कळतंय. नाही, बाबा. बाप्तिस्मा घेतला नाही, गुडघे टेकले नाहीत. पहिल्याच दिवशी सांगितलं की मी बौद्ध आहे आणि मी देव मानत नाही. आर्लीन म्हणाल्या, ‘ठीक आहे. साखर घेतेस?’ ते प्रार्थनेला उठतात तेव्हा मी बसून राहते आणि सगळ्यांच्या कॉफीसाठी खाली लवकर जाते. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत, एकही मोडलेली नाही. खोटं न बोलण्याची एक सोडून.

गेल्या वर्षी चौदा एप्रिल रविवारी आला. मी कॉफीच्या टेबलाशेजारच्या पियानोवर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, दोन मेणबत्त्या लावल्या आणि हळू आवाजात वंदना म्हणायला लागले. वर बघते तर सगळी जण उठून उभी राहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं. एकाला गुडघ्याचा त्रास, त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती. नंतर आर्लीननी विचारलं, ‘तुझे वडील का?’ मी म्हटलं, ‘हो, आमच्याकडे सगळेच त्यांना बाप म्हणतात.’ पुढचं त्यांना ऐकूच आलं नसावं. कारण नंतर एकदा मी तुमचा फोटो दाखवला तेव्हा त्या काळजीनं म्हणाल्या, ‘किती वाळले गं हे. आणि तो निळा सूट छान दिसायचा त्यांना.’

हसला असाल तर बरं. पुढचं हसण्यासारखं नाही.

हे चर्च बंद होतंय. नऊ माणसं उरली, सगळ्यात तरुण सत्तरीची. छप्पर गळतं. शेवटचा रविवार सव्वीस ऑक्टोबर, म्हणजे तुम्ही इथे असाल तेव्हाच. मी मनात असंही ठरवलं होतं की तुम्ही येईपर्यंत काही बोलायचं नाही, मग ‘विहाराची जागा गेली’ म्हणून ते कुलूप दाखवायचं. एका खोट्यानं दुसरं फुकट झाकलं जात होतं. पंधरा दिवस मी त्या विचारावर खूश होते. हे तुम्हाला सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बंद करण्याचं कागदी काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटर मला येतो. १९०४ साली नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी हे चर्च बांधलं. त्यांच्या जाड वह्या सुटीच्या दिवशी खाली बसून मी लावते, आर्लीन वाचून दाखवतात. वाचताना मला आपली वस्तीच दिसत होती. बाया तळघरात शंभर माणसांचा स्वयंपाक करताहेत. प्रार्थना नॉर्वेच्या भाषेत म्हणायची की इंग्रजीत, यावरून एकोणीसशे बारा साली भांडण झालं आणि अर्धी माणसं उठून रस्त्यापलीकडे दुसरं चर्च बांधून बसली. तीस वर्षं समोरासमोर दोन घंटा वाजत होत्या. मी आर्लीनना ईश्वरकाकांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग तुम्ही आमच्यातलेच.’

त्या लोकांची एक रीत होती, अजून आहे. एक गाव सोडून दुसरीकडे जायचं तर माणूस आपल्या चर्चचं पत्र घेऊन निघायचा. त्यात एवढंच लिहिलेलं असायचं, ही आमच्यातली, हिला तुमच्यात घ्या. पत्राखाली एक चिठ्ठी असते. तिकडच्या सचिवानं सही करून ती परत धाडली की इथल्या वहीत नावापुढे लिहितात, अमुक ठिकाणी पोचली. आणि ज्यांच्यापाशी पत्र नव्हतं त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी एक वेगळं पान आहे. त्यावर गुनहिल्ड नावाच्या मोलकरणीचं नाव आहे. एकोणीसशे अकरा साली आली. न विचारता घर सोडलं म्हणून बापानं तिच्या गावच्या चर्चला पत्र देऊ दिलं नाही. चाळीस वर्षं तिनं या तळघरात रांधलं, आर्लीननी लहानपणी तिच्या हातचं खाल्लंय. नाव शेवटपर्यंत त्याच पानावर राहिलं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय असं समजू नका. म्हणजे, मुद्दामच सांगतेय.

आता नऊ जणांची नऊ पत्रं करायची होती. सहा जण शेजारच्या गावी, दोघं वृद्धाश्रमातल्या प्रार्थनाघरात, आर्लीन टेक्सासला प्लेनोमध्ये मुलीकडे. त्यांना जायचं नाहीये. मी नऊ टाइप केली. आर्लीन म्हणाल्या, ‘दहावं?’ मी म्हटलं, मी मेंबर नाही. त्या म्हणाल्या, ‘ते मला माहीत आहे. कुणाच्या नावे लिहू?’

आणि माझ्या तोंडून आपल्या विहाराचं नाव गेलं. शिकागो नाही, दुसरं काही नाही. सचिव म्हणून तुमचं नाव सांगितलं आणि त्यांनी ते एकेक अक्षर विचारून लिहिलं.

ते पत्र सोबत आहे. इंग्रजीत आहे म्हणून इथे उतरवते.

‘हर्षिता तीन वर्षं दर रविवारी आमच्यात बसली. ती आमचा देव मानत नाही आणि हे तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं. कॉफी पातळ करते. बर्फाच्या दिवसांत तिनं आमच्यातल्या तिघांना आपल्या गाडीतून आणलं आणि घरी पोचवलं. तिच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तिला एकटं राहू देऊ नये, असं आमचं मत आहे.’

हे शेवटचं वाक्य त्यांनी कुणाला न विचारता घातलं. मी खोडायला लागले तर त्यांनी पेन काढून घेतलं.

त्यांना तीन वर्षांत जे दिसलं ते मी तुम्हाला तीन वर्षं दिसू दिलं नाही. आणि तुम्ही रोज सकाळी त्या फोटोखालून वंदनेला जाता. तो उतरवा, बाबा. लोक विचारतील, ईश्वरकाका तर विचारतीलच. पोरगी खोटं बोलली असं सरळ सांगा, माझी अब्रू राखायला काही जुळवू नका. सत्काराच्या आधी सांगितलंत तर त्रास कमी होईल. तुमची मान माझ्यामुळे खाली जाणार, हे मला कळतं, आणि त्याला मी माफी मागण्यापलीकडे काही करू शकत नाही.

तिकीट कॅन्सल करायचं असेल तर अतुलदादाला सांगा. रागानं करा, पण लाजेनं करू नका. आलात तर मी घ्यायला शिकागोच्या विमानतळावर उभी असेन. घर दोन खोल्यांचं आहे, माणसं नाहीत. आर्लीन वीस ऑक्टोबरपासून सामान बांधणार. नोव्हेंबरनंतर या गावात मला नावानं हाक मारणारं कोणी उरणार नाही, लॅबमध्ये माझ्या बिल्ल्यावर नंबर आहे. इथून पुढे मला हे जमणार नाही, बाबा. परत यायचं का, शिकागोला जायचं, की काय, ते मला एकटीला ठरवता येत नाही. तुमच्याशी बोलून ठरवायचंय, स्पीकर बंद करून.

पत्राखालची चिठ्ठी फाडायची रेघ दिसेल. त्या चिठ्ठीवर सचिवांनी सही करायची असते, वडिलांनी नाही. विहाराचा शिक्का मारून करायची की नाही, हे तुम्ही कमिटीपुढे ठेवा, किंवा एकट्यानं ठरवा. पंचवीस ऑक्टोबरच्या आत आली तर आर्लीन आपल्या हातानं वहीत लिहितील. दुसऱ्या दिवशी वही बंद होईल.

औषधं वेळेवर घ्या.

नमो बुद्धाय. जयभीम.

तुम्ही घेतलंत तर तुमच्या विहाराची,
आणि नाही घेतलंत तरी तुमचीच,

हर्षिता