बुडबुडा मधोमध

३ मार्च, सोमवार

आत्या उद्या ऑपरेशनला जाणार! मोतीबिंदू पिकला आहे, डॉक्टर म्हणाले आता चालढकल नको. म्हणजे ती परत येईपर्यंत तिच्या गॅरेजमधले चाकांचे बॅलन्सिंग माझ्याकडे. आजवर मी फक्त पंक्चर काढत होतो. ट्यूब टबात बुडवायची, हवा सुटेल तिथे ठिगळ. त्यात चुकायला जागा नाही. बॅलन्सिंगमध्ये चुकायलाच जागा आहे.

आत्याने सगळे पुन्हा सांगितले. चाक आडवे करून स्टँडच्या सुळक्यावर ठेवायचे. वर काचेच्या डबीत तेल, तेलात बुडबुडा. चाकाची जड बाजू खाली जाते, बुडबुडा हलक्या बाजूला पळतो. तो पळेल तिकडे रिमवर शिशाचे वजन — तो काळ्या वर्तुळाच्या मधोमध येईपर्यंत. "अर्धं शिसं आतून, अर्धं बाहेरून. आणि गॅरेजचा नियम ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. ज्याने शिसे ठोकले, त्याने त्या गाडीत बसून मोठ्या रस्त्यावर फेरी मारायची. स्वतःची मान गाडीत असली की हातोडी नीट चालते, असे आत्याचे मत.

मला वेगाची भीती वाटते. गॅरेजमध्ये हे कुणाला सांगण्यासारखे नाही.

४ मार्च, मंगळवार

आत्या गेली. जाता जाता — "उगाच नसत्या ठिकाणी हात घालू नकोस, दीडशहाण्या!"

गॅरेज स्वच्छ केले. स्टँडच्या खाली तर घाणीचा थर! खडूने पायांच्या खुणा केल्या, स्टँड बाजूला घेतला, फरशी घासली आणि अगदी खुणांवर परत ठेवला. खाली एक बटण, दोन खिळे आणि एक वॉशर निघाला. ज्याच्या त्याच्या डब्यात टाकले. आत्याचा पसारा!

६ मार्च, गुरुवार

पहिले गिऱ्हाईक भोंगा. अँब्युलन्सचा ड्रायव्हर — नाव आत्यानेच ठेवलेले. दवाखान्याच्या सगळ्या गाड्या तोच आणतो. त्या गेल्या तर आत्या आल्यावर मी पुन्हा टबापाशी, हे नक्की.

पुढचा नवा टायर. मी बुडबुडा या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला, श्वास रोखून पाहिला.

"मास्तर, चाक जुळवतोयस की लग्न?"

(आठवीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ काही सुटले नाही. पाटीवरचे 'पंचर' मी खोडून 'पंक्चर' केले, तेव्हापासून मी मास्तर.)

मग फेरी. मी दाराची मूठ धरली. भोंगा म्हणाला, "डोळे उघड रे. चालवतोय मी!" उघडले. वेगाचा काटा जरा वर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागले.

७ मार्च, शुक्रवार

सगळे शिसे काढून पुन्हा लावले. बुडबुडा मधोमध. गाडी तशीच — थर्रर्र!

भोंगा वैतागला. "काल मागे एक आजी होत्या. विचारतात, मला दवाखान्यात नेतोयस की चाळणीत घालून चाळतोयस? सोमवारी शेवटचं बघतो. नाहीतर नाक्यावर कॉम्प्युटरवाला आहेच. त्याच्याकडे बसायला सोफा आहे."

आमच्याकडे बसायला टायर आहे.

८ मार्च, शनिवार

जेवण गेले नाही. आईने विचारले, "काय झालं?" म्हटले, "बुडबुडा मधोमध आहे." तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

९ मार्च, रविवार

शेवटी आत्याला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले.

"चाक चढवून बुडबुडा मधोमध आण. मग चाक उचल, अर्धं फिरवून तसंच परत ठेव. बुडबुडा जागचा हलता कामा नये. हलला, तर चाकाला शिव्या देऊ नकोस. स्टँड वाकडा बसलाय."

लगेच गॅरेजात गेलो. अर्धे फिरवले — बुडबुडा कडेला! तीन दिवस मी चाकाला नाही, फरशीच्या उताराला शिसे ठोकत होतो.

खाली झोपून स्टँडचे पाय तपासले. एका पायाच्या तळाला गंजाचे गोल कडे. वॉशरएवढे.

अरे देवा! तो पसारा नव्हता. तो मुद्दाम दिलेला टेकू होता!

डबा पालथा केला. सगळे वॉशर दिसायला एकजात सारखे, कारण मीच ते आकाराप्रमाणे लावून ठेवलेले; फरक फक्त जाडीत. नीटनेटकेपणाचे बक्षीस! एकेक पायाखाली सरकवायचा, चाक ठेवायचे, बुडबुडा बघायचा, चाक फिरवायचे. हा जाड, तो पातळ. कंबरेचा काटा ढिला झाला. शेवटी एक बसला. चाक कसेही फिरवा, बुडबुडा ढिम्म! मी त्याला नमस्कार केला. कुणी बघत नव्हते.

१० मार्च, सोमवार

भोंग्याचे चाक पुन्हा केले. फेरी. काटा वर, आणखी वर — स्टिअरिंग गप्प. खात्री पटवायला भोंग्याने दोन्ही हात सोडले. "बघ! लोण्यातून सुरी!"

मी असा ओरडलो, की बाजूच्या ट्रकवाल्याने रस्ता दिला.

"आता तूच भोंगा," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी आणतो म्हणाला. सोफ्याचे नाव काढले नाही.

मधल्या दिवसांत दूधवाल्याची गाडीही केली होती. त्याला बोलावून चारही चाके पुन्हा केली. तो म्हणाला, "मला तर काहीच जाणवलं नव्हतं." म्हटले, "आता आणखी काही जाणवणार नाही."

११ मार्च, मंगळवार

आत्याला फोनवर खरे ते सांगितले. फरशी, खुणा, वॉशर, सगळे.

ती अशी हसली, अशी हसली, की मागून आतोबा ओरडले — "अगं, डोळा सांभाळ!"

हसू थांबल्यावर एवढेच म्हणाली, "येऊ दे मला. मग बघते तुझ्याकडे." पंक्चरचा टब घासून ठेवला. लागणारच.

१७ मार्च, सोमवार

आत्या आली. काळा चष्मा, बाकी तीच. थेट स्टँडपाशी गेली. चढवलेले चाक मला उचलायला लावले, अर्धे फिरवून ठेवायला लावले, बुडबुड्याकडे बघत राहिली. चष्म्यामुळे चेहरा काही कळेना. मग स्टूल ओढून टबापाशी जाऊन बसली आणि एक फाटकी ट्यूब मांडीवर घेतली.

तेवढ्यात भोंगा चाक घरंगळवत आत आला. "आत्या, आलात! हे जरा बघा—"

"मला काय दाखवतोस? त्याला दाखव."