मागच्या खोलीतली माणसं

तुझा तो नकाशा आधी चुलीत घाल. आमची क्वार्टरची ओळ त्यात हिरवीगार, म्हणजे धोका नाही, म्हणून डासांच्या धुराची गाडी आमच्याकडे न वळता पुढच्या लाल सेक्टरला निघून गेली. इतकी शिकलीस आणि हे दिवे लावलेस!

प्रिय सुचेता, अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. तिसरीनंतर हात पाटीला लागला नाही. तुझा बाबा बरा आहे, कारखान्यात पाळी बदलली त्याची. झाडाला यंदा पेरू लगडलेत, वर चढून तोडायला कोणी नाही.

मे महिन्यात आलीस तेव्हा तू मला ओट्यावर बसून समजावलंस. ऊन किती, पाऊस किती, कुठल्या ओळीत माणसं किती, हे मशीनला सांगायचं. मग डेंगू कुठे चढणार ते मशीन दोन आठवडे आधी सांगतं, आणि लाल दिसेल तिथे धूर आधी. मी म्हटलं, आमचं पंचांग काय वाईट होतं! तू चिडलीस, आणि आपल्या मागच्या खोलीतल्या लीलाची रजनी फ्रॉक तोंडात कोंबून हसत होती.

तिला भाद्रपदात ताप आला. लीला म्हणाली उतरेल, मी काढा दिला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा तुझ्या बाबाने, उदयने, तिला साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नाही, उशीर आम्हीच केला होता. सहाव्या दिवशी गेली. नऊ वर्षांची. मी रडले नाही. लीलासमोर कुठल्या तोंडाने रडू?

होळीनंतर कॉलनीच्या ऑफिसातली बाई रजिस्टर घेऊन आली होती. घरात कोण? मी सांगितलं, मुलगा, सून, मी. मागच्या खोलीत? म्हटलं, कबाड. बाहेरचं माणूस ठेवलं तर उदयला नोटीस, तुला ठाऊक आहे. खोलीला बाहेरून कुलूप मीच घातलं होतं. आत त्या मायलेकी श्वास रोखून. बाई गेल्यावर पोर विचारते, "दादी, मैं कबाड हूँ क्या?" मी म्हटलं, हो, तेही बिनकामाचं. खूप हसली. आमच्या ओळीत सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि तेच आकडे तुझ्या मशीनच्या पोटात गेले. शिव्या तुला दिल्या, पण खोटं माझं.

काल काठी टेकत बाविसाच्या बावीस क्वार्टरच्या मागे फिरले, एकूण एक दार वाजवलं. रजिस्टरात आमची माणसं एकाहत्तर आहेत. खरी एकशे अठरा. लीला धरून. हा आकडा घाल, ओळ लाल कर, अजून तिघी-चौघी पोरी आहेत मागच्या खोल्यांतून. उदयला सांगून टाकलंय. नोटीस आली तर मी ऑफिसात जाऊन बसेन. आणि एक. आजवर माझी पत्रं सुबक यायची ना, ती रजनीने लिहिलेली. मी मराठीत बोलायचे, ती "धीरे बोलो ना दादी" करत उतरवायची. तुझी उत्तरंही तीच वाचून दाखवायची.

तुझीच, खोटारडी आजी

उत्तर तूच लिहायचं, बाबाच्या फोनवर निरोप नको. आणि अक्षर मोठं काढ, आता माझं मलाच वाचायचं आहे.