कार्बन प्लेटच्या बुटाला शंभरपैकी किती

रविवार, १६ नोव्हेंबर. पहाटे ५.१०

बूट आले. म्हणजे काल संध्याकाळीच आले, पण काल लिहायला हात मोकळे नव्हते. रंग पोपटी-नारिंगी. टाचेखाली चार बोटं फोम. आत कार्बनची पट्टी. ती दिसत नाही, पण आहे असं खोक्यावर लिहिलंय. घालून हॉलमधून स्वयंपाकघरात गेलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, प्रमिलाच्या डोक्यावरचा भांग आज पहिल्यांदा वरून दिसला.

किंमत इथे लिहीत नाही. या वहीच्या कपाटाला कुलूप नाही.

संकल्प: मी चोवीस वर्षं बोर्डाचे विज्ञानाचे पेपर तपासतोय. इंटरनेटवरच्या पोरांसारखं 'भारी आहे, घेऊन टाका' असलं काही करणार नाही. रीतसर मूल्यमापन. शंभर गुण. अंतर्गत वीस, प्रात्यक्षिक ऐंशी. अंतिम प्रात्यक्षिक म्हणजे जळगाव ते नशिराबाद आणि परत, सलग वीस किलोमीटर. मग आमच्या मेहरूण तलावाच्या रनिंग ग्रुपला अहवाल. बत्तीस माणसं वाट पाहतायत. (अजून त्यांना सांगितलेलं नाही.)

आज धावणार नाही. पायाची आणि बुटाची ओळख होऊ देतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अंतर्गत मूल्यमापन पूर्ण. दिसणं: ५ पैकी ५. वजन: स्वयंपाकघरातल्या काट्यावर २३८ ग्रॅम, ५ पैकी ५. प्रमिलाने नंतर काटा दोनदा धुतला. लेस: ५ पैकी ४, जरा लांब आहे. खोका: ५ पैकी ५. एकूण १९. एक पाऊलही न धावता एकोणीस! माल बोलतो तो असा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पावणेपाचला उठलो. थंडी भयंकर. फोमला थंडी चालते का, हे आधी बघून घेतलेलं बरं. पांघरुणातच वाचत बसलो. वाचून झालं तेव्हा सात वाजले होते. चालते म्हणे.

रविवार, २३ नोव्हेंबर

धावलो!

पिंप्राळ्यातून तलावापर्यंत सात किलोमीटर मोटरसायकलने गेलो, बूट पायातच. नवे बूट आधी सैल करून घ्यावेत असं तज्ज्ञ सांगतात. गाडीवर ते बसल्या बसल्या होतं. तलावाला १.४ किलोमीटर. बूट पुढे ढकलतो. इतका ढकलतो की मनाची तयारी व्हायच्या आतच धाप लागते. एक गुण वजा.

घरी येऊन बघतो तर मोबाइलचं ॲप निघाल्यापासून चालूच. एकूण अंतर १५.४ किलोमीटर, सरासरी किलोमीटरला दोन मिनिटं चाळीस सेकंद. ते आपोआप ग्रुपवर गेलं. दुरुस्त कसं करतात ते सापडलं नाही. फार शोधलंही नाही. अकरा जणांनी 'वेल डन सर' लिहिलंय. लोकांचा हिरमोड करणं माझ्या स्वभावात नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज एक मोठी गोष्ट घडली. तलावावर शालिग्राम आबांनी मला बाजूला घेतलं. वय अडुसष्ट. एस.टी.चे ड्रायव्हर होते, तीस वर्षं जळगाव-धुळे गाडी चालवली. साधे कॅनव्हासचे बूट घालून पळतात, बिचारे. १८ जानेवारीला धुळ्यात एकवीस किलोमीटरची शर्यत आहे (माझं नाव मी परवाच घातलंय), ती त्यांनाही पळायचीय. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की हा हिवाळा पळून घ्या, पुढे फक्त चालायचं. म्हणजे ही पहिली आणि हीच शेवटची. पण घरचे एकटं सोडत नाहीत म्हणाले. सर सोबत असतील तर सोडतील.

बत्तीस जणांतून मला विचारलं! तीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस, त्याला बरोबर कळतं कोणावर विसंबावं. मी हो म्हणालो. ऊर भरून आला, खरंच.

घरी सांगितलं की आबांची जबाबदारी आता माझ्या शिरावर. प्रमिला मेथी निवडत होती. मान खाली घालून बराच वेळ निवडत राहिली. खांदे हलत होते. जबाबदारी काय चीज असते ते घरात बसून कळत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

नशिराबाद. आबा आणि मी, पहाटे साडेपाचला. योजना: जाऊन-येऊन वीस.

पहिले तीन किलोमीटर उत्तम. मग उजव्या पोटरीत काहीतरी. धोका कशाला पत्करा, शर्यत तोंडावर आहे. उरलेले सात ओळखीच्या अमीनच्या रिक्षाने. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त बुटांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होता. नशिराबादला गरम भजी. आबा धावत आले, एक भजं खाल्लं आणि धावत परत गेले. दोन तास वीस मिनिटं, वीस किलोमीटर. मी रिक्षातून त्यांना हात कसे हलवायचे ते सांगितलं. प्रशिक्षक म्हणून मला आज समाधान वाटलं.

बुटाची उशी: १५ पैकी १४. रिक्षातही पाय छान वाटत होते.

रविवार, १४ डिसेंबर

शंका. डाव्या बुटावर, अंगठ्याच्या वर, काळा पट्टा. उजवा स्वच्छ. याचा अर्थ माझा डावा पाय जास्त जोर लावतो, आणि कंपनीने डाव्या बाजूचं कापड हलकं वापरलंय. दोन गुण वजा.

प्रमिला म्हणाली, गाडीचा गिअर लागतो तिथे. मी तिला समजावलं की धावण्याचं शास्त्र वेगळं असतं. ती बरं म्हणाली.

रविवार, २१ डिसेंबर

यावल रस्त्याला सहकाऱ्याच्या शेतात भरीत पार्टी. शर्यतीआधी शरीरात साठा करावा लागतो, त्याला कार्ब लोडिंग म्हणतात. चार आठवडे आधी करावं की आदल्या दिवशी, यावर मतभेद आहेत. मी दोन्ही करणार. पुऱ्या मोजल्या नाहीत. वांगं काड्यांवर भाजलेलं, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. दुपारी आंब्याखाली झोप. विश्रांती हाही सरावाचाच भाग असतो.

आबांचा फोन आला होता, आज अठरा केले म्हणे. त्यांना म्हटलं, जास्त करू नका.

रविवार, २८ डिसेंबर. रात्री ८

अहवाल ग्रुपवर टाकला. दोनशे बारा किलोमीटरनंतर शंभरपैकी ९१. सोबत दोन्ही बुटांचा फोटो. (दोनशे बारा हा ॲपचा आकडा आहे. मी माझ्या मनाने एक किलोमीटरही वाढवलेला नाही.)

सत्तावीस अंगठे. मग हसीबचा मला एकट्याला मेसेज. हसीबचं दुचाकीचं गॅरेज आहे आणि तो ग्रुपमधला सगळ्यात वेगवान. लिहितो, सर फोटो बदलून टाका, डावा बूट दिसतोय, माझ्या गॅरेजला येणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या बुटावर तोच पट्टा असतो. किती बारकाईने बघतात लोक दुसऱ्याचं. नव्या बुटाचं पोटात दुखतं, दुसरं काय. फोटो बदलला नाही.

रविवार, ११ जानेवारी

शर्यतीआधी सराव कमी करत न्यायचा असतो. मी गेल्या दोन आठवड्यांत तो शून्यावर आणलाय. शिस्त लागते याला. एकवीसचं अंतिम प्रात्यक्षिक धुळ्यातच होईल, नशिराबादचं वेगळं करण्याची गरज नाही. बूट ताजा राहायला हवा.

प्रमिलाने विचारलं, झेपेल ना. मी म्हटलं, माझं सोड, आबांचं बोल.

शनिवार, १७ जानेवारी. धुळे, रात्री ९

एस.टी.ने आलो. आबा खिडकीशी. एरंडोलचं वळण, पारोळ्याचा चहा, कुठे ब्रेक लावायचा आणि कुठे सोडायचा, सगळं सांगत होते. पारोळ्याला कंडक्टरने ओळखलं, पाया पडला. आबा म्हणाले, धुळ्यात तीस वर्षं गाडी आणून उभी केली, कधी स्वतःच्या पायाने पोहोचलो नाही. उद्या पळत पळत धुळं बघायचं. डोळे चमकत होते त्यांचे. मला एकदम भरून आलं. माझ्याशिवाय हे झालंच नसतं.

लॉजवर शेवभाजी. साठा पूर्ण.

रविवार, १८ जानेवारी. संध्याकाळ

घडलं ते क्रमाने लिहितो.

सहाला सुटलो. बुटाने ढकललं. पहिला किलोमीटर पाच चाळीसमध्ये. मागून आबा धीरे धीरे म्हणत होते, पण या बुटात धीरे जाताच येत नाही, त्याची रचनाच तशी आहे. चौथ्याला दोन्ही पोटऱ्या. पाचव्याला शेवभाजी. सहाव्याला मी दुभाजकावर बसलो.

आबा थांबले. घाम नाही, धाप नाही. अँब्युलन्सवाला आला, म्हणाला बसा काका. मी नाही म्हटलं. माघार घेणं माझ्या रक्तात नाही. तो दोनदा विचारून गेला.

आबांना पुढे जा म्हणालो. निदान म्हणायचं मनात होतं. आवाज बहुधा बाहेर निघाला नाही. आबांनी एकदा पुढच्या रस्त्याकडे पाहिलं, लोक जात होते तिकडे. मग माझ्या शेजारी बसून माझ्या लेस सैल केल्या.

"संगे उनूत सर, संगेच जाऊत."

पंधरा किलोमीटर चाललो. आबा गप्पा मारत होते, कोणत्या साली कुठे टायर फुटलं ते. मी दर अर्ध्या किलोमीटरला बसत होतो. शर्यतीची वेळ सव्वातीन तासांची. आम्ही चार तास पन्नास मिनिटांनी पोहोचलो. कमान उतरवून झाली होती. पदकांचं टेबल घडी करून टेम्पोत. एका मुलीने दोन केळी दिली. आबांनी आपलं मला दिलं.

बूट: उतारावर अस्थिर, वजा तीन. अति जोर, वजा चार. लांब चालण्यासाठी अयोग्य, वजा दोन. शिवाय आबांची चाल जरा संथ पडली, माझी लय तुटली.

मंगळवार, २० जानेवारी

शाळेतून सुटल्यावर आबांकडे गेलो. अर्धा किलो पेढे नेले. त्यांच्या घरच्यांना धीर द्यावा, आबांना मी सुखरूप आणलं हे स्वतः सांगावं, वेळेत पोहोचले नाहीत म्हणून कोणी त्यांना बोलू नये, असा हेतू. वाटेत वाक्यं जुळवली होती.

आबा ओट्यावर गुडघ्याला तेल लावत बसले होते. त्यांच्या पत्नी, ताईबाई अक्का, आतून आल्या. मी सुरुवात केली की आबांना एकटं सोडायला तुम्ही घाबरत होतात, ते साहजिक आहे. अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, यांना कोण अडवणार? तीस वर्षं रात्री-बेरात्री गाडी चालवलेला माणूस, त्याला धुळ्याला जायला सोबत कशाला लागते?

आबांनी अक्कांना गप्प राहायची खूण केली. अक्कांना ती दिसली नाही, किंवा दिसली आणि त्यांनी मानली नाही.

"प्रमिलाबाई घर येल होत्यात. सरले एकलं सोडू नका म्हने. मंग यासनी सोडं नही."

प्रमिला इथे आली होती. नोव्हेंबरात, आबांनी मला बाजूला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी. हे कोणाचं ऐकणार नाहीत, धुळ्याला एकटेच जातील, कुठेतरी पडतील, असं रडकुंडीला येऊन सांगून गेली. मला राग येऊ नये म्हणून आबांनी ते घरच्यांचं कारण रचलं. सोबत मी त्यांना नव्हे, ते मला देत होते. सहाव्या किलोमीटरला नाही, पहिल्यापासून.

मी पेढे हातातच धरून बसलो होतो. अक्कांनी ते काढून घेतले आणि चहा टाकायला आत गेल्या. मग मी आबांना विचारलं. चोवीस वर्षांत हजारो मुलांना प्रश्न घातले, इतकं घाबरून कधी विचारलं नव्हतं. मी अँब्युलन्समध्ये बसलो असतो तर तुम्ही किती वेळात पोहोचला असता?

वाटलं होतं, जाऊ द्या सर म्हणतील. आबांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. जराही विचार करावा लागला नाही त्यांना.

"दोन पस्तीसमा."

चहा प्यायलो. घरी आलो. प्रमिलाने विचारलं, आबा बरे आहेत ना. बरे आहेत म्हणालो. 

आता इथे बसलोय. पोटऱ्या, शेवभाजी, थंडी, कंपनी, सगळं आठवून पाहिलं. आबांचं एकवीस माझ्यामुळे गेलं आणि ते परत येणार नाही. मला फार वाईट वाटतंय.