भराव आतल्या बाजूने

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून नियमित नोंदी. शहर वाचवायचं तर कोणीतरी लिहून ठेवायला हवं.

घरामागच्या बांधावर फेरी मारली. अवस्था वाईट. माथ्यावर खड्डे, उतारावर घुशींची बिळं, पायथ्याशी कोणाचं तरी फुटकं सिंक. पेशंट गंभीर आणि नातेवाईक बाहेर चहा पीत बसलेले, अशी आमच्या गल्लीची तऱ्हा. गेल्या पुरात पाणी माथ्याखाली वीतभर राहिलं होतं. तेव्हा सगळे घाबरले, आता सगळे विसरले. इतकी वर्षं मेट्रन म्हणून वॉर्ड सांभाळले. एक मातीचा बांध काय जड आहे?

ह्यांना म्हटलं, बांध बळकट करायला समिती काढते. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, काढ. पाठिंबा मिळाला.

९ फेब्रुवारी
समितीची पहिली सभा. अध्यक्ष मी, बिनविरोध. सेक्रेटरी समोरच्या टेलरबाई. शेजारचे कॅशियर (बँकेतून निवृत्त, जिभेने अजून कामावर) म्हणाले, मी फक्त खुर्च्या उचलीन, जबाबदारी नको. अशीच माणसं देश बुडवतात.

सभा आमच्या मागच्या खोलीत घेतली. चिरंजीव आणि सूनबाई परदेशातून कायमचे परत आले की त्यांच्यासाठी बांधली आहे. वेगळं दार, वेगळं बाथरूम, खिडकीतून थेट बांधाचा हिरवा उतार. मागे एकदा दोघं आले होते, पण हॉटेलात उतरले. सूनबाईला सर्दी होती, घरात पसरू नये म्हणून. समजूतदार आहे.

टेलरबाई भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि म्हणाल्या, अगंबाई, ब्लाउज ओला झाला. रंग हलका निघाला. पेंटरला झापणे.

लोक म्हणतील, ही बाई स्वतःच्या खोलीसाठी धडपडते. म्हणोत. शहर वाचलं तर खोली वाचेलच, त्याला मी काय करू?

२० फेब्रुवारी
पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. इंजिनियर तिशीतला, पेन चावणारा. म्हटलं, ताठ बसा. बसला.

म्हणाला, नुसती उंची वाढवून भागणार नाही. बांधाचा पाया रुंद करावा लागेल, म्हणजे एका अंगाला नवा मातीचा भराव. तो बाहेरच्या बाजूने घालायचा की आतल्या, हे ठरायचं आहे.

मी क्षणात सांगितलं, आतल्या बाजूने. यात विचार काय करायचा? आमच्या गल्लीत पोरांना रांगता येतं तेव्हापासून ओरडतात, बांधाच्या आत जायचं नाही. आत म्हणजे नदीत. नदीकडे जागाच जागा. तिची थोडी घेतली तर ती काय कोर्टात जाणार आहे?

तो म्हणाला, मॅडम, नक्की आतल्या बाजूने? लोक सहसा विरोध करतात. म्हटलं, मला एक गोष्ट दोनदा विचारू नका.

उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, तुमच्यासारखे नागरिक मिळाले तर आमचं कामच सोपं होईल. डोळ्यांत पाणी होतं. अजून चांगली माणसं आहेत.

८ मार्च
मोठी सभा. इंजिनियरही आला. मी प्रास्ताविक करत असताना हा मागच्या रांगेत नकाशा उघडून लोकांना काहीतरी समजावत होता. मी बोलत असताना कुजबुज मला चालत नाही, पण पाहुणा म्हणून सोडून दिलं.

मग ठराव वाचला: भराव आतल्या बाजूने घालण्यात यावा. टेलरबाई हळूच म्हणाल्या, मेट्रनबाई, नीट विचार केलाय ना? म्हटलं, मी विचार न करता शिंकतही नाही. कॅशियर म्हणाले, मानलं तुम्हाला. आमच्याकडे काय, वाळत घातलेल्या चादरी तेवढ्या हलवायच्या. तुमचं मन मोठं. चादरींचा संबंध कळला नाही. माणूस वयाच्या मानाने लवकर भरकटतो.

पहिला हात ह्यांनी वर केला. माझ्याकडे एकटक बघत होते. लग्नातसुद्धा असं बघितलं नव्हतं. ठराव एकमताने मंजूर.

घरी येऊन चिरंजीवांना फोन. ठरावाचं सांगायला लागले तर म्हणाला, बाबांनी सांगितलं मला. आई, थँक्यू. खूप मोकळं वाटलं. हीसुद्धा थँक्यू म्हणतेय. कशाबद्दल ते विचारेपर्यंत त्याची मीटिंग सुरू झाली. परदेशात राहून मुलं उगीच हळवी होतात. परत आला की हळवेपणा जाईल.

५ एप्रिल
इंजिनियरसोबत पाहणी. आमच्या घरामागेच बांधाचा पायथा मऊ लागतो. काठी खुपसली तर वीतभर आत गेली. तो म्हणाला, इथे कोणीतरी बांधकामासाठी पाया खणलाय. पायथा असा उकरला की पुराच्या वेळी पाणी खालून वाट काढतं, आणि बांध वरून फुटत नाही, खालून जातो.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, असल्या लोकांना आधी आत टाका. शहराच्या जिवावर उठलेत! तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, असं एकदम कोणाच्या तोंडावर म्हणता येत नाही, मॅडम. म्हटलं, नाव सांगा, मी म्हणते तोंडावर.

नाव सांगितलं नाही. पोरगा भिडस्त आहे. सुधारणे.

२२ एप्रिल, सकाळी
माणसं आली, खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की मारायला लागली. आमच्या अंगणात! पांढरी रेघ अगदी सरळ आली आणि मागच्या खोलीच्या एका भिंतीला टेकली. मग पलीकडच्या भिंतीपासून पुन्हा सुरू झाली. मध्ये खोली. मध्ये माझी खोली!

ओरडले, अहो, बाजू चुकली, भराव आत घालायचाय. म्हणाले, आतच घालतोय. म्हटलं, आत म्हणजे नदीकडे! ते एकमेकांकडे बघायला लागले. इंजिनियरला बोलावून घेतलं. धापा टाकत आला. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे नदी बाहेर. बांध ज्याला राखतो ते आत. शहर आत. तुम्ही आत.

इतकी वर्षं या गल्लीत राहते, आणि मी आत आहे हे मला कोणी सांगितलं नाही.

दुपारी
कॅशियरला गाठलं. म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही त्याग करताय. मी तर टाळ्या वाजवल्या. टेलरबाई म्हणाल्या, मी विचारलं होतं की. विचारायचीही एक पद्धत असते. सेक्रेटरीने पुन्हा पुन्हा विचारायचं असतं.

संध्याकाळी
ह्यांना ठाऊक होतं! नकाशा बघितला होता, सगळं समजून घेतलं होतं, आणि वर पहिला हात! म्हटलं, एक शब्द बोलला नाहीत? म्हणाले, तू त्या पोराला म्हणालीस, दोनदा विचारू नका. मला तर एकदा विचारायचीही सवय नाही. मग म्हणाले, अगं, पाया आपणच खणलाय. ती खोली आहे तोवर बांध कच्चाच राहणार. काढावीच लागली असती.

पेंटरने हलका रंग वापरला, आणि खापर माझ्या पायावर. खोलीला ओल आहे म्हणून बांध गळतो म्हणणं म्हणजे रुग्णाच्या तापामुळे थर्मामीटर बिघडला म्हणणं.

ह्यांच्याशी बोलणं बंद. चहापुरतं चालू.

२६ एप्रिल
तातडीची सभा. नवा ठराव: भराव बाहेरच्या बाजूने. खुर्च्या मीच लावल्या. आले फक्त हे, आणि तेही खुर्च्या परत उचलायला. समितीतले एकजात फितूर.

इंजिनियरला फोन. म्हणाला, नदीच्या बाजूने भराव घातला तर पात्र अरुंद होऊन समोरच्या काठावर पाणी चढेल. आणि मॅडम, राग मानू नका, ती मागची पट्टी खात्याचीच आहे. असेल. पण तिथे गाजरगवत माजलं होतं, साप निघायचे. आम्ही ती साफ केली, वर खोली बांधली. सरकारी जमिनीची एवढी काळजी दुसऱ्या कोणी घेतली असती?

आजपासून कोणावरही विश्वास ठेवायचा नाही.

१० मे
मागच्या खोलीत ठिय्या. खुर्ची, थर्मास, पंखा. निर्धार पक्का: चिरंजीव येईपर्यंत इथून हलणार नाही.

दुपारी इंजिनियर आला. समोर बसला, ताठ. माझ्याच थर्मासातला चहा प्यायला. म्हटलं, आता नकाशे काढू नका. म्हणाला, नाही. फक्त एक सांगतो. बांध इथे फुटला तर पाणी आधी कुठे शिरेल माहीत आहे? तुमच्या हॉस्पिटलात. तळमजला. बाळंतिणींचा वॉर्ड.

मुद्दाम सांगितलं. माझ्या जुन्या वॉर्डचं नाव घेऊन दबाव! मी याला ताठ बसायला शिकवलं, त्याचे हे पांग फेडले.

थोड्या वेळाने उठले. पाठ दुखत होती म्हणून.

१२ मे
खोली पाडली. बांधायला किती महिने लागले होते, आणि जायला अर्धा दिवस. मी बघितलं नाही. स्वयंपाकघरात भांडी घासली, घासलेलीच परत घासली. पडदे आधीच काढून ठेवले होते. खिडकी टेलरबाईंनी मागितली, दिली. ओली भिंत कोणी मागितली नाही.

हे म्हणाले, चल, थोडं बाहेर जाऊन येऊ. म्हटलं, आत की बाहेर, ते आधी ठरवा. हे हसले. मी हसले नाही.

अडचण मोठी नाही. चिरंजीव आणि सूनबाई पुढच्या खोलीत राहतील, आम्ही हॉलमध्ये. मला जमिनीवर झोप छान लागते. डॉक्टर नको म्हणतात, पण डॉक्टर माझ्या हाताखाली शिकलेत.

१८ जून
भराव चालू, माथाही हातभर चढवतायत. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा थर. दबाई नीट होते की नाही ते रोज स्वतः बघते. अंगठ्याने दाबून बघते. रोलरवाला मला बघितलं की उगीच एक फेरी जास्त मारतो. इंजिनियरने मला बघितलं की त्याला फोन येतो.

समितीचा राजीनामा लिहून ठेवलाय. द्यायचा कोणाकडे हा प्रश्न आहे, कारण अध्यक्ष मीच.

२८ जुलै, दुपारी
वरच्या धरणातून पाणी सोडलं. नदी बांधाला लागली. रंग गढूळ, आवाज ट्रकसारखा. गेल्या पुराची खूण दहाच्या सुमारास पाण्याखाली गेली. अख्खी गल्ली बांधावर. कॅशियर पासबुकं पिशवीत घालून उभे. टेलरबाईंची बोटं नुसतीच हवेत शिवत होती.

मी वर गेले नाही. पायथ्याशी थांबले, जिथे खोलीचं दार होतं साधारण तिथे. चपला काढून मातीवर उभी राहिले. कोरडी. पुढे, मागे, वाकून हाताने बघितलं. कोरडी. इंजिनियर शेजारी येऊन बसला आणि त्यानेही हात लावला. आम्ही दोघांनी मिळून पेशंटचं कपाळ बघावं तसं.

संध्याकाळी
पाणी उतरायला लागलं. हॉस्पिटलात काही शिरलं नाही. लोक इंजिनियरला उचलून घ्यायला निघाले, तर तो म्हणाला, मला काय, जागा मॅडमनी दिली. टाळ्या. कॅशियर सगळ्यात जोरात. जागा दिली नाही, नेली, असं मी स्पष्ट सांगणार होते. पण टाळ्या चालू असताना बोलणं बरं दिसत नाही.

३० जुलै
आनंदाची बातमी आधी आपल्या माणसाला. चिरंजीवांना फोन केला. म्हटलं, बांध भक्कम झालाय, शहर सुरक्षित आहे, आता परत यायला हरकत नाही. पुढची खोली तुमची.

तो म्हणाला, आई, बाबांनी सांगितलं नाही का तुला? आम्ही इथे घर घेतलं. वर्ष होऊन गेलं. तू खोली दिलीस तेव्हा आम्हाला वाटलं, तुला कळलंय, म्हणूनच दिलीस. म्हणून तर थँक्यू म्हणालो.

ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते. पेपर कालचा होता. म्हणाले, सांगणार होतो. आज नको, उद्या, असं करता करता तू समिती काढलीस. मनात म्हटलं, रमलीये, रमू दे.

रमलीये! शहर वाचवत होते मी.

फोन चालूच होता. सूनबाई बोलायला आली. म्हणाली, आई, तुम्ही दोघं इकडेच या ना राहायला. तुमच्यासाठी खोली ठेवलीये. खूप ऊन येतं. आवाज खरा होता. रागावता आलं नाही, याचाच राग आला.

विचारलं, घराजवळ नदी आहे का? म्हणाली, नाही हो आई, काळजी करू नका, जवळपास कुठेच नदी नाही.

नदीच नाही. मग मी तिथे दिवसभर करणार काय?