दारोदारचं पाणी

माय,
भिलाईहून तुझ्या देवरावचा नमस्कार. मी ठीक आहो, कोणी काही सांगितलं तर घाबरू नोको.

रविवारी इथल्या मराठी मंडळाची लंबी दौड होती, दुपारपर्यंत सेक्टर दोनचे फेरे. आपल्या नागपूरकडच्या बाया दारोदारी लोटा घेऊन उभ्या होत्या. कोणाले नाही म्हणू? दर फेरीले साऱ्यांचं पाणी पेलो अन् शेवटी पडलो. डॉक्टर म्हणे, नुसतं पाणी जास्त झालं, त्यानं रक्तातलं मीठ उतरलं अन् भ्रम झाला. कारखान्यात भट्टीवर आम्ही मिठाचं पाणी पेतो, पण सुटीच्या दिवशी ते कोणाले सुचते?

तुझे गुडघे कसे आहेत?

दवाखान्यात तुझ्या सुनेले मी "तुम्ही कोणाच्या घरच्या?" असं विचारलं म्हणे. आता सारे ओळखू येतात. तरी कमलिनी रोज सकाळी मले तिचं स्वतःचं नाव विचारते. मी सांगतो, मगच चहाचा कप हाती देते.

तुझा,
देवराव