रखमाजी नदीपार येईल का

८ जुलै १९६२, रविवार
‘दोन झेंडे’ कादंबरी क्रमशः येते त्या मासिकाचा अंक आला. चारला आमच्याकडे वाचन. धाकटा भाऊ व्यंकू फौजेतून रजेवर आलेला असल्याने माडी गच्च भरली. वाचायचे नेहमीप्रमाणे मी. चिकपेटेतल्या आम्हा जुन्या घरांत सगळे घरी मराठी बोलतात, शाळा मात्र कानडी. आईला बाळबोध अक्षर लागत नाही, शा. मामांनाही नाही. (शामण्णामामांचे कापडदुकान आमच्याच खाली.) वर भाड्याने राहणारे कुलकर्णी (कु.) बेळगावचे, त्यांना येते. पण ते वाचू लागले की मामांना झोप येते.

आज कोणाला झोप आली नाही. इंग्रजांच्या कंपनीविरुद्ध पुणे आणि म्हैसूर मनापासून एक झाले असते तर, एवढ्या एका ‘तर’वर या लेखकाने दोन वर्षे युद्ध चालवले आहे. खरे नाव कोणाला ठाऊक नाही. आजच्या भागात दोन्ही फौजा माघार घेत होड्यांच्या पुलावरून कावेरी ओलांडतात. पलीकडच्या काठावर मराठी गोलंदाज रखमाजी म्हैसूरचे दारूचे बाण घेऊन कंपनीला थोपवून धरतो. लोखंडी नळी, बांबूची काठी, वात. मग अलीकडून पुलाचे दोर कापतात. तो तिकडेच.

मामांच्या तोंडात पान होते, थुंकायला उठले नाहीत.

मी म्हटले, हा मेला. नदीला पूर, होड्या गेल्या, पायी पार होण्याजोगा उतार दोन मजल लांब आणि तिथे कंपनीची चौकी.
व्यंकू : “अक्का, तू गोष्ट वाचतेस की ड्रॉइंग तपासतेस?”
मामा : “अय्यो, तुझं गणित पेटीत ठेव की गं. त्या माणसाला स्वल्प जगू दे.”

१० जुलै
कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून येताना बस मार्केटपाशी सोडली आणि किल्ल्याच्या उरलेल्या भिंतीशी गेले. कंपनीची फौज इथे भगदाड पाडून आत शिरली असे तिथल्या दगडावर कोरले आहे. लहानपणापासून पाहते. ‘दोन झेंडे’त भगदाड पडलेच नाही. म्हणजे हा दगड नाही. तो कोरणारा दुसरेच काही कोरत असणार.

भिंतीला हात लावला. तापलेली होती.  एका माणसाने टेबलाशी बसून एवढे वजन उचलून बाजूला ठेवले, आणि बाकी सगळे न ढासळता उभे आहे. मी टेलिफोनचा साधा ब्रॅकेट एक सूत सरकवला तर सहा ड्रॉइंगे बदलावी लागतात.

१६ जुलै
व्यंकू गेला. सिग्नल्समध्ये आहे, तारा ओढतो. कुठे, ते सांगत नाही. स्टेशनवर आई त्याच्याशी फक्त डब्याबद्दल बोलली.

९ सप्टेंबर, रविवार
रखमाजीचा पत्ता नाही. शेवटाबद्दल आता माडीवर तीन पक्ष. मामांचा : कंपनी हरणार, श्रीरंगपट्टणात दोन्ही झेंडे एका काठीवर. कुं.चा : जिंकतील, पण जिंकल्यावर आपसात भांडतील आणि इतिहास फिरून आहे तिथेच येईल. (हे वाईट नाही. तसे बोलले नाही.) माझा : लेखक युद्ध संपवणारच नाही.

रखमाजीपुरते मात्र मी सगळ्यांना गप्प केले. ट्रेसिंग कागदावर नदी, चौकी, उतार मांडून दाखवले. मामा म्हणाले, “तुला सून करून घेणाऱ्याचं काही खरं नाही.” आई तांदूळ निवडत होती. ती पक्षात नसते.

२८ ऑक्टोबर, रविवार
सीमेवर लढाई. माडीवर रेडिओ फक्त. कारखान्यात जादा पाळी. व्यं.चे पत्र नाही. या महिन्याचा अंक आला, फोडला नाही.

११ नोव्हेंबर, रविवार
आई म्हणाली, वाच. साचलेले दोन्ही भाग. मी म्हटले, आत्ता युद्धाचे कशाला? “दुसरं काय वाचणार आहेस?”

वाचले. रखमाजीचा अजून उल्लेख नाही. संपल्यावर मामा एकदम म्हणाले, तो जगला आहे, लिहून घ्या. कु. म्हणाले, नक्कीच. सप्टेंबरात हेच दोघे माझ्या नकाशापुढे हरले होते. सगळी माडी एका पक्षात, आणि कोणी आईकडे पाहत नव्हते.

तेव्हा कळले काय चालले आहे. देवापुढे फूल लावून कौल घेतात, उजवे पडले की काम होणार, तसा माडीने हा अंक लावला आहे. रखमाजी आला तर व्यंकू आला.

आईने मला विचारले, “तुझं गणित काय म्हणतं?”
मी म्हटले, माहिती अपुरी आहे.
“हे पहिल्यांदाच म्हणालीस.”

२२ नोव्हेंबर
तिकडून लढाई थांबल्याची बातमी. रस्त्यात लोक हळू बोलतात. संध्याकाळी तार. बेपत्ता. तो एकच शब्द मी आईला वाचून दाखवला.

२ डिसेंबर, रविवार
व्यंकूच्या तुकडीतला एक जवान आला. कोलारचा, पायाची बोटे बांधलेली. कानडीत बोलला. वरच्या चौक्यांना उतरायचा हुकूम पोचवायचा होता, तार एकच, व्यंकूच्या टेलिफोनच्या बोर्डावरून जाणारी. “तुम्ही निघा, मी सगळ्यांना सांगून येतो,” व्यंकू म्हणाला. हा निघाला. पुढचे त्याला ठाऊक नाही. आईने त्याला जेवायला घातले, दोनदा भात वाढला. ती त्याच्या पायांकडे पाहत होती. जाताना तो पाया पडला आणि उठेना, मामांनी उठवले.

९ डिसेंबर, रविवार
नवा भाग. शेवटचा पुढच्या अंकात, असे खाली छापले आहे.

वाचता वाचता नजर पुढे गेली. अलीकडचा होडीवाला पलीकडे कंपनीच्या शिपायांना प्रेते ओढताना पाहतो. एका हातात चांदीचे कडे. रखमाजीचे कडे पहिल्या भागापासून सगळ्यांना माहीत.

मी तो परिच्छेद सोडला. तिथे कोणाला अक्षर लागत होते? एका कुं.ना. ते माझ्या शेजारी होते, त्यांनी पान पाहिले. मी उलटले. 

आयुष्यात एक आकडा खोटा लिहिलेला नाही.

१० डिसेंबर
सकाळी आई इडलीचे पीठ वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, “होडीवाल्यानं काय पाहिलं?”
मी म्हटले, काही नाही.
“पान नंतर उलटलंस. आवाज आधीच थांबला होता. जे आहे ते वाच.”

अंक आणून उभ्यानेच वाचला. कडे, हात, सगळे. तिने ऐकले. पाट्यावर पाण्याचा शिपका दिला. “सरी, बरं,” म्हणाली. आणि पुढे वाटू लागली.

मी बस चुकवली. या बाईच्या पोटी मी जन्मले, आणि मला वाटत होते, घरातली पक्की मी.

१३ जानेवारी १९६३, रविवार
शेवटचा अंक काल आला. वेष्टन फोडलेले नाही. आईचा हुकूम : सगळ्यांबरोबरच तुलाही कळू दे. कुं.नी विचारले, आधी मी पाहून ठेवू का? मी नको म्हटले. ते म्हणाले, “बरं झालं.”

व्यंकूची काही बातमी नाही.

मघाशी कॉफी गाळताना आईने पहिल्यांदाच ‘दोन झेंडे’बद्दल स्वतःचे मत सांगितले. “तुम्ही सगळे, तो आला का, तो आला का. तो थांबला कशाला? अलीकडे आले त्यांचं काय झालं, ते कुणी विचारत नाही. आज ते नीट वाच. तेवढं लिहिलं असलं म्हणजे झालं.”

मी फडक्यातून ठिबकणारी कॉफी पाहत राहिले. जुलैपासून मी नदीची रुंदी मोजली, उतार मोजला, बाणाचा पल्ला काढला. दोर कापण्याआधी पुलावरून किती माणसे पार झाली, हे एकदाही मोजले नाही.

जुलैचा अंक काढून पाहिला. लेखकाने आकडा दिलेला नाही. आज देईल का, ठाऊक नाही. तो कोलारचा जवानही आला आहे, काठी टेकत जिना चढतो आहे. आई त्याच्यासाठी पुढे जागा करते आहे.